स्नॅलीगॅस्टरला बक्षीस कोणी लावले?

एक प्राणी डोळ्यांसमोर आणा. प्रचंड पंख, लांब टोकदार चोच, पोलादी आकड्यांसारख्या नख्या आणि कपाळाच्या मधोमध एकच डोळा. ओरडला की आगगाडीच्या इंजिनाची शिटी वाजल्यासारखे वाटते. रात्री डोंगरावरून खाली उतरतो, वाटेवरच्या माणसाला उचलतो, त्याचे रक्त पितो आणि प्रेत टाकून निघून जातो. या प्राण्याचे नाव स्नॅलीगॅस्टर. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या डोंगराळ भागात, फ्रेडरिक काउंटीत तो राहतो असे सांगत. (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग.) १९०९ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत तर तेथील वर्तमानपत्रात त्याच्या बातम्या एकामागून एक छापून येत होत्या.

तुम्ही हसलात ना? हसणे साहजिक आहे. पण हसून झाल्यावर काय करायचे, याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेख आहे. आपल्या विज्ञान मंडळांत अशा प्राण्यांचा समाचार घेण्याची एक ठरलेली रीत आहे. असा प्राणी असूच शकत नाही हे सिद्ध करायचे, आजीच्या गोष्टीला भाकडकथा म्हणायचे आणि टाळ्या घ्यायच्या. माझे म्हणणे असे की, यात आपण पुष्कळदा चुकीच्या आरोपीला पकडतो. स्नॅलीगॅस्टरच्या खटल्यात तर आजीबाई जवळजवळ निर्दोष सुटतात.

प्रथम त्या आजीबाईंकडेच जाऊ. फ्रेडरिक काउंटी वॉशिंग्टन शहराच्या वायव्येस आहे. कटॉक्टिन आणि साउथ माउंटन अशा डोंगरांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये मिडलटाउनचे सुपीक खोरे. १७३० नंतर येथे जर्मन शेतकरी कुटुंबे येऊ लागली. त्यांतली बरीचशी ऱ्हाइन नदीकाठच्या पॅलेटिनेट प्रांतातली. लढाया, करांचा बोजा आणि जमिनीची टंचाई यांना कंटाळलेली ही माणसे जहाजाने फिलाडेल्फियाला उतरत, पेनसिल्व्हेनियात काही काळ काढत आणि मग स्वस्त जमिनीच्या शोधात दक्षिणेकडे सरकत. मेरीलँडचे धनी लॉर्ड बाल्टिमोर यांनी १७३२ साली नव्या कुटुंबांना २०० एकर जमीन आणि पहिली ३ वर्षे सारामाफी अशी सवलत जाहीर केली होती. फ्रेडरिक गावाची आखणी १७४५ सालची. गावाच्या कडेला शिफरश्टाट नावाचे एक दगडी शेतघर अजून उभे आहे. ते १७५८ च्या सुमाराचे असून घराला नाव दिले आहे ते मालकांच्या जर्मनीतल्या मूळ गावाचे.

गाव सोडणारा माणूस बरोबर काय काय घेऊन जातो? बियाणे, अवजारे, धर्मग्रंथ, स्वयंपाकाच्या रीती. यांबरोबर शब्दही जातात, आणि भीतीही जाते. या जर्मनांच्या बोलीत 'श्नेले गेश्तर' असा एक शब्दप्रयोग होता. त्याचा अर्थ 'चपळ भुते'. शेजारच्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो शब्द पडला आणि त्याची मोडतोड झाली. 'श्ने'चे 'स्नॅ' झाले, 'गेश्तर'चे 'गॅस्टर' झाले. यातली खरी गंमत पुढे आहे. 'गेश्तर' हे अनेकवचन आहे. भूत नव्हे, भुते. इंग्रजांना ते व्याकरण ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी त्या साऱ्या भुतांचा मिळून एकच प्राणी करून टाकला! भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना असे अपघात फार आवडतात. एखादा प्राणी व्याकरणाच्या चुकीतून जन्माला आल्याचे तुम्ही पूर्वी ऐकले होते काय?

आता या चपळ भुतांचा उपयोग काय होता ते पाहा. भोवती दाट जंगल, त्यात लांडगे आणि अस्वले, घरे एकमेकांपासून लांब आणि रात्री उजेड नाही. अशा ठिकाणी पोराने अंधार पडल्यावर कुंपणाबाहेर जाऊ नये असे आईला वाटले, तर ती काय करील? आपल्याकडची आई जे करते तेच. ती बागुलबुवाला बोलावते. आता जरा आठवून सांगा, बागुलबुवाला किती पाय असतात? डोळे किती? तो काय खातो? आजीने हे तुम्हाला कधी सांगितलेले नसते, कारण त्याची जरुरी नसते. बागुलबुवाचे काम पोराला उंबऱ्याच्या आत ठेवण्याचे आहे. ते काम झाले की त्याला शरीर नसले तरी चालते. पोरगे मोठे झाले की बागुलबुवाही आपोआप निघून जातो. त्यासाठी कोणाला विज्ञान प्रदर्शन भरवावे लागत नाही.

या प्राण्याला दूर ठेवण्यासाठी सात टोकांचा तारा कोठारावर रंगवावा असेही त्या भागात सांगतात. हे कोठार म्हणजे लाकडी भिंतींची भली मोठी इमारत. खाली गुरे, वर गवत आणि धान्य. जर्मन वस्तीच्या प्रदेशात कोठारांवर तारे आणि फुले रंगवण्याची चाल प्रसिद्ध आहे. ती भुताखेतांसाठी की नुसती शोभेसाठी यावर अभ्यासकांत बराच वाद झालेला आहे. तो वाद बाजूला ठेवा आणि कंपासपेटी उघडा. वर्तुळ काढा आणि कंपासचे अंतर न बदलता परिघावर खुणा करत चला. बरोबर ६ खुणा होतात आणि सहा पाकळ्यांचे फूल मिळते. कोठारांवर ही सहा पाकळ्यांची फुले जागोजाग दिसतात ती याचमुळे. सात टोकांचे मात्र तसे नाही. फक्त कंपास आणि पट्टी वापरून वर्तुळाचे ७ समान भाग करताच येत नाहीत. १८३७ साली वान्ट्सेल या फ्रेंच गणितज्ञाने हे सिद्ध केले. म्हणजे सात टोकांचा तारा काढणाऱ्या शेतकऱ्याला अंदाजानेच काम भागवावे लागत असणार. भूत पळाले की नाही कोण जाणे, पण रंगाऱ्याची परीक्षा झाली खरी.

असो. आता १९०९ साली येऊ.

त्या वर्षी जानेवारीत जवळच्या न्यू जर्सी राज्यात आणि फिलाडेल्फिया शहराच्या आसपास 'जर्सीचा सैतान' दिसल्याचा मोठा गवगवा झाला. बर्फात खुरांचे ठसे उमटल्याच्या बातम्या आल्या, काही शाळा बंद राहिल्या. मग फिलाडेल्फियात एका चतुर जाहिरातदाराने सैतान पकडला असल्याचे जाहीर करून तिकीट लावले. पिंजऱ्यात होता तो एक बिचारा कांगारू, पाठीवर खोटे पंख बसवलेला! लोकांनी पैसे देऊन तो पाहिला.

यानंतर काही आठवड्यांतच मिडलटाउनच्या 'व्हॅली रजिस्टर' या स्थानिक वृत्तपत्रात स्नॅलीगॅस्टर अवतरला. लेखाच्या आरंभी दिलेले वर्णन तेथलेच आहे. एकदा हा प्राणी या गावी दिसला, मग त्या गावी. कोणी म्हणे त्याने अंडे घातले. स्मिथसोनियन या वॉशिंग्टनच्या विख्यात संशोधन संस्थेने त्याच्या कातड्यासाठी बक्षीस लावल्याची बातमी आली. पाठोपाठ आणखी एक आली: अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट या प्राण्याची शिकार करण्यासाठी आपली आफ्रिकेची सफर पुढे ढकलण्याच्या विचारात आहेत!

पुढे उघडकीस आले की हा सारा बनाव होता. संपादक जॉर्ज रोडेरिक आणि बातमीदार राल्फ वुल्फ यांनी पत्राचा खप वाढावा म्हणून तो रचला होता. गावातल्या जुन्या नावाला त्यांनी शरीर दिले. बागुलबुवाला डोळे किती हे आजीला सांगावे लागत नाही. वर्तमानपत्राला मात्र सांगावे लागते, कारण त्याशिवाय बातमी होत नाही. स्नॅलीगॅस्टरचे जे रूप आज 'प्राचीन लोककथा' म्हणून सांगितले जाते, त्याचा मोठा भाग अशा रीतीने छापखान्यात तयार झालेला आहे.

तुमच्यातले भौतिकशास्त्राचे चाहते एव्हाना अस्वस्थ झाले असतील. 'एवढ्या भानगडीत कशाला जायचे? असा पक्षी उडूच शकणार नाही' असे ते म्हणतील. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पक्ष्याची प्रत्येक लांबी दुप्पट केली तर पंखांचे क्षेत्रफळ ४ पट होते, पण वजन ८ पट होते. म्हणजे पंखाच्या दर चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार येतो. अमेरिकेच्या त्या भागात आढळणारा पांढऱ्या डोक्याचा गरुड पंख पसरल्यावर २ मीटरांहून अधिक रुंद भरतो, पण त्याचे वजन ३ ते ६ किलोग्रॅम असते, आणि २ किलोचा मासा उचलतानासुद्धा त्याची दमछाक होते. मग ६०-७० किलोच्या माणसाला उचलणारा पक्षी केवढा असावा लागेल याचा हिशेब तुम्हीच मांडा. जीवशास्त्राचा विद्यार्थी आणखी एक आक्षेप घेईल. पावणेदोनशे वर्षे टिकून राहणारा प्राणी एकटा असू शकत नाही. नर, मादी, पिल्ले, घरटी, विष्ठा, हाडे असा सारा पसारा हवा. तो कोठे आहे?

आक्षेप दोन्ही पक्के आहेत. तरीही ते पहिल्या क्रमांकावर ठेवू नयेत असे मला वाटते. ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळातल्या सुशिक्षित वाचकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. १९०१ साली, म्हणजे जेमतेम ८ वर्षांपूर्वी, आफ्रिकेतल्या कांगोच्या जंगलात ओकापी हा मोठा सस्तन प्राणी असल्याचे विज्ञानाला कळले होते. जिराफाचा तो भाऊबंद. मागच्या पायांवर झेब्र्यासारखे पट्टे. तेथील रहिवाशांना तो पिढ्यान्पिढ्या ठाऊक होता आणि युरोपातल्या पुष्कळांना ती ऐकीव गोष्ट वाटत होती. 'असा प्राणी असूच शकत नाही' म्हणणारे त्या वेळी तोंडघशी पडले. शिवाय १९०८ च्या सप्टेंबरात ऑर्व्हिल राइटने वॉशिंग्टनजवळच्या फोर्ट मायर येथे हजारो लोकांसमोर विमान उडवून दाखवले होते. हवेपेक्षा जड वस्तू उडते हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला आकाशात आणखी काय दिसू शकेल याची खात्री देता येत नव्हती. तेव्हा 'शक्य आहे की अशक्य?' या प्रश्नावर चांगला विचार करणारा माणूसही घोटाळ्यात पडू शकतो. विज्ञानाच्या कडेला नेहमी थोडा अंधार असतो आणि बनाव करणारा नेमका तेथेच उभा राहतो.

ओकापीचा निर्णय कसा झाला? सर हॅरी जॉन्स्टन यांनी प्रथम कातड्याचे पट्टे लंडनला पाठवले आणि नंतर संपूर्ण कातडे व कवट्या पाठवल्या. वस्तू टेबलावर आली. स्नॅलीगॅस्टरच्या बाबतीत टेबलावर काय आले? कातडे आले नाही. कातड्याला बक्षीस असल्याची बातमी आली. या दोहोंतला फरक नीट लक्षात घ्या. समजा, बक्षीस खरोखरच लावले असते, तरी त्याने काय सिद्ध होते? मी चंद्रावरच्या उंदराच्या शेपटीला १०० रुपयांचे बक्षीस आज लावू शकतो. त्यामुळे चंद्रावर उंदीर निर्माण होत नाहीत. पण वाचणाऱ्याच्या मनावर परिणाम असा होतो की, 'एवढी मोठी संस्था पैसे द्यायला तयार आहे, म्हणजे काहीतरी असेलच.' पुराव्याच्या जागी संस्थेचे नाव बसते आणि ते आपल्याला कळतही नाही.

रूझवेल्टसाहेबांची बातमी तर याहून बेमालूम आहे, कारण तिच्यात खऱ्याचे मिश्रण आहे. ते खरोखरच आफ्रिकेला निघाले होते. ४ मार्च १९०९ रोजी त्यांची अध्यक्षपदाची मुदत संपली आणि २३ मार्चला ते जहाजावर चढले. ती मोहीम खरोखरच स्मिथसोनियनसाठी प्राण्यांचे नमुने गोळा करण्यासाठी होती. ११,००० हून अधिक नमुने तिने आणले. शिकारी खरा, संस्था खरी, सफर खरी आणि तारखाही खऱ्या. त्या चौकटीत एक खोटी ओळ घातली की सारे चित्र खरे दिसू लागते. आजीने कधी आपल्या गोष्टीत अध्यक्षांना किंवा संशोधन संस्थेला साक्षीला बोलावले होते का? तिला त्याची गरजच नव्हती, कारण तिला काही विकायचे नव्हते.

म्हणून मी म्हणतो की आधी विचारावे ते हे: ही गोष्ट सांगतो कोण, त्याला ते कसे कळले आणि लोकांनी मानली तर फायदा कोणाचा? पंखांचे क्षेत्रफळ सावकाश मोजले तरी चालेल.

येथपर्यंत सारे गमतीचे वाटले असेल. संपादकाने चार अंक जास्त खपवले, कोणाचे काय बिघडले? पण या बातम्यांमध्ये एक गोष्ट होती जी गमतीची नाही. प्राण्याने ठार केला म्हणून जो माणूस सांगितला गेला तो कृष्णवर्णीय होता. स्वातंत्र्य मिळालेल्या गुलामांना धाक घालण्यासाठी एकोणिसाव्या शतकात ही जुनी कथा पुन्हा उकरून काढली गेली असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. ही कल्पना विचित्र वाटते खरी, पण अमेरिकेच्या दक्षिण भागाचा इतिहास वाचला की तितकीशी वाटत नाही. ग्लॅडिस-मेरी फ्राय या लोककथांच्या संशोधक. त्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या तोंडी आठवणींच्या आधारे दाखवून दिले की, गुलामांनी रात्री घराबाहेर पडू नये, एकत्र जमू नये, पळून जाऊ नये म्हणून मालक भुतांच्या गोष्टी मुद्दाम पसरवत, आणि पांढऱ्या चादरी पांघरून स्वतः भूतही होत. स्वातंत्र्यानंतर हेच तंत्र मुखवटे घालणाऱ्या टोळ्यांनी उचलले.

मेरीलँडमध्ये गुलामगिरी १ नोव्हेंबर १८६४ रोजी संपली. तरीही १९०५, १९०९ आणि १९११ अशा तीन वेळा तेथे कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्यासाठी राज्यघटना दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला. तिन्ही वेळा मतदारांनी तो हाणून पाडला. म्हणजे ज्या वर्षी हा पक्षी आकाशात फिरत होता, त्याच वर्षी हा प्रश्नही राज्यात धुमसत होता. त्या दोघा पत्रकारांच्या मनात काय होते ते त्यांच्याबरोबर गेले. पण रात्रीच्या वाटेवर एकट्या चालणाऱ्या कृष्णवर्णीय मजुराने त्या बातम्या ऐकल्या असतील तेव्हा त्याला त्या विनोदी वाटल्या असतील काय? आईचा बागुलबुवा पोराला वाचवण्यासाठी असतो. दुसऱ्याच्या पोराला जागच्या जागी दाबून ठेवण्यासाठी वापरला की त्याच बागुलबुवाचे हत्यार होते. प्राणी तोच असतो, म्हणून प्राण्याच्या शरीररचनेवरून हा फरक ओळखता येत नाही.

१९३२ च्या अखेरीस स्नॅलीगॅस्टर पुन्हा बातम्यांत आला. त्या वेळी अमेरिकेत दारूबंदी होती. १९२० ते १९३३ अशी ती टिकली. या डोंगरांत हातभट्ट्यांचा सुळसुळाट होता. १९२९ साली कटॉक्टिनच्या रानात पोलिसांनी एका प्रचंड भट्टीवर छापा घातला, तेव्हा तेथे पिंपेच्या पिंपे कच्चे रसायन सापडले आणि गोळीबारात एक पोलीस अधिकारी मारला गेला. आता त्या ठिकाणी सरकारी उद्यान आहे. तर १९३२ च्या बातमीप्रमाणे स्नॅलीगॅस्टर अशाच एका भट्टीवरून उडत असता वाफेने झिंगला आणि रसायनाच्या पिंपात पडून मेला. दारूबंदीचे अधिकारी तेथे पोहोचले, त्यांनी ते दृश्य पाहिले आणि ५०० पौंड सुरुंगाची दारू लावून भट्टी उडवून दिली. हाड शिल्लक राहिले नाही, पीस शिल्लक राहिले नाही. पुरावा नाही का, तर तो सरकारनेच उडवला! हे मात्र मला मनापासून आवडते. या बनावाने निदान कोणाला इजा केली नाही. आणि रात्री ज्या रानात लोकांनी फिरकू नये असे कोणाला तरी वाटत होते, त्या रानात भूत असणे किती सोयीचे, हेही तुमच्या लक्षात आले असेलच.

काही शिक्षकबंधुभगिनी येथे म्हणतील, 'अहो, तुम्ही लोककथांना मोकळीक दिलीत तर अंधश्रद्धा वाढेल.' ही काळजी मला समजते. भुताच्या नावावर एखाद्या बाईला चेटकीण ठरवले जाते, आजारी मुलाला डॉक्टरकडे नेण्याऐवजी मांत्रिकाकडे नेले जाते, तेव्हा स्वस्थ बसणे हा गुन्हाच आहे. पण महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याकडे पाहा. मनात भूत आहे असे वाटणाऱ्याला तो शिक्षा करत नाही. त्या भीतीच्या जोरावर दुसऱ्याला फसवणाऱ्याला, छळणाऱ्याला शिक्षा करतो. रेघ कोठे ओढायची हे त्या कायद्याने चांगले जाणले आहे. वर्गातही ती तेथेच ओढावी. आजीची गोष्ट मोडीत काढण्यापेक्षा लिहून घ्यावी: कोणी सांगितली, कोणत्या गावची, तिने कोणाकडून ऐकली. साउथ माउंटनच्या भागात मॅडलिन डालग्रेन या बाईंनी हे काम फार पूर्वी केले. डोंगरातल्या माणसांकडून तिथल्या काळ्या भुताळी कुत्र्याच्या आणि इतर गोष्टी ऐकून त्यांनी १८८२ साली त्यांचे पुस्तक छापले. अशा नोंदी असल्या तरच नंतर कोणी छापखान्यात नवे भूत तयार करून ते जुने म्हणून खपवू लागला, तर त्याला पकडता येते.

स्मिथसोनियनच्या बक्षिसाची युक्ती १९०९ बरोबर संपली असे समजू नका. दिवाळीच्या रात्री अवकाशातून भारत असा दिसतो, असे सांगणारे रंगीबेरंगी दिव्यांचे एक चित्र दरवर्षी मोबाइलवर फिरते आणि खाली नासाचे नाव असते. तुमच्या घरीही ते आले असेल. मूळ चित्र उपग्रहांच्या माहितीवरून अमेरिकेच्या हवामान व महासागरविषयक संस्थेतील शास्त्रज्ञाने तयार केलेले आहे. १९९२ ते २००३ या काळात रात्रीच्या दिव्यांत कोठे कोठे भर पडली हे वेगवेगळ्या रंगांनी दाखवण्यासाठी ते होते. दिवाळीशी त्याचा काहीच संबंध नाही. २०१२ साली नासाने स्वतः तसा खुलासा केला आणि हेही सांगितले की दिवाळीच्या रात्री वाढणारा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो जाणवणार नाही. उपग्रह खरा, चित्र खरे, संस्थाही खरी. पाहा, रूझवेल्टच्या सफरीची चौकट जशीच्या तशी! आणि हे चित्र पुढे पाठवणाऱ्यांत आजीबाई थोड्या असतात, आम्ही शिकलेले लोक अधिक असतो.

तेव्हा शिक्षकांना माझी एक सूचना आहे. विज्ञान मंडळाच्या पुढच्या सभेत भुतांचा कार्यक्रम एक वर्ष बाजूला ठेवा. प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या मोबाइलवर आलेला, कोणत्या तरी शास्त्रज्ञाचे किंवा संस्थेचे नाव घातलेला एक निरोप वहीत उतरवून आणावा. त्यातले खरे वाटणारे तपशील एका रंगाने अधोरेखित करावेत आणि ज्याला त्या निरोपातच काही आधार दिलेला नाही ती ओळ दुसऱ्या रंगाने. मग ज्या संस्थेचे नाव आहे तिच्याकडे वर्गाच्या वतीने एक छोटे, सभ्य पत्र पाठवावे: 'आपण असे म्हटले आहे काय?' उत्तर आले तर ते फलकावर लावा. महिनाभरात आले नाही, तर पत्राची प्रत लावा आणि खाली तारीख घाला.